वगळलेले तीन

३ मार्च

कानस आली. संचालकांनी तिला नेमकी माझ्या समोरची खोली दिली आहे. दोन्ही दारं उघडी असली की तिचं टेबल आणि माझं टेबल एकमेकांकडे डोळे वटारून बघत बसतात. मी दार लावून घेतलं.

हे नाव मीच ठेवलेलं. बारा वर्षांपूर्वी ती माझ्याकडे पीएच.डी. करत होती. कुठलाही आकडा हातात दिला की घासत बसायची, धातूवर कानस चालवावी तशी, त्यातून काहीतरी गळून पडेपर्यंत. तेव्हा ते नाव कौतुकाचं होतं. आता ती दुसऱ्या संस्थेत मोठ्या पदावर आहे आणि माझं काम तपासायला आली आहे. संचालक त्याला परीक्षण म्हणतात. मी पंचनामा म्हणतो. पाच आठवडे चालणार आहे म्हणे.

उद्या ही वही कुणाच्या हाती पडली तर निदान मूळ गोष्ट सरळ कळावी, म्हणून लिहून ठेवतो. क्वासार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची धगधगती केंद्रं. त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला अब्जावधी वर्षं लागतात. वाटेत वायूचे ढग आडवे येतात. ढगातलं लोखंड आणि मॅग्नेशियम त्या प्रकाशातले ठरावीक रंग गिळतात आणि वर्णपटात बारीक काळ्या रेषा उमटतात. या रेषांमधली अंतरं सूक्ष्मरचना स्थिरांक नावाच्या एका आकड्यावर ठरतात. एक भागिले साधारण एकशे सदतीस. अणू किती घट्ट बांधला जाईल ते तो आकडा ठरवतो, आणि तो सदासर्वकाळ तोच आहे असं जग धरून चालतं. माझ्या अठ्ठावीस क्वासारांनी सांगितलं, तसं नाही. तेव्हा तो वेगळा होता. दहा लाखांत सहा भागांनी.

दोन वर्षांपूर्वी हे मी छापलं. तेव्हा हेच संचालक माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते. आता दुसऱ्या दोन गटांना तो फरक सापडला नाही, तर यांना परीक्षण सुचलं आहे.

७ मार्च

तिने मूळ फायली मागितल्या. दिल्या. लपवायचं काय आहे? दुपारी दारावर टकटक. हातात यादी. म्हणाली, निरीक्षणं एकतीस क्वासारांची आहेत, शोधनिबंधात अठ्ठावीस आहेत. उरलेले तीन?

मी खरं तेच सांगितलं. ते तीन एकाच आठवड्यात घेतले होते आणि त्या आठवड्यात यंत्र बिघडलेलं होतं.

“बिघडलं होतं हे कशावरून कळलं, सर?”

उत्तरावरून कळलं. तिघांमध्येही फरक शून्य आला. अठ्ठावीस एक सांगतात आणि त्या एकाच आठवड्यातले तिघं वेगळं बोलतात, तर दोष कुठे आहे हे कळायला परीक्षण लागत नाही. तिने पेन्सिलने वहीत काहीतरी लिहिलं. फार वेळ लिहिलं.

त्या तिघांचा उजेड तसा उत्तम होता, ठेवलेल्यांपैकी निम्म्यांहून चांगला. पण यंत्रच बिघडलेलं असेल तर उजेडाला काय चाटायचंय?

८ मार्च

काल लिहायचं टाळलं, पण वहीशी काय लपवाछपवी. त्या बिघाडामागे माझा मेहुणा होता.

बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या स्पेक्ट्रोग्राफची, म्हणजे वर्णपट टिपणाऱ्या यंत्राची, एकोणीस वर्षं त्याने देखभाल केली. त्या आठवड्यात त्याने मोजमापाच्या दिव्याचा प्रकाश आत टाकणारा आरसा स्वतःच्या डोक्याने नव्याने बसवला. मला विचारलं होतं असं तो म्हणतो. मी घाईत होतो, हो म्हटलंही असेन. तिघांचं शून्य आल्यावर मी आरसा होता तसा करायला लावला, तर हा गडी वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर माझ्याशी वाद घालायला लागला. आधीचंच चुकीचं होतं म्हणे. मग मी संस्थेच्या समितीकडे लेखी तक्रार केली. ती वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर वाचली गेली, तो नियमच आहे. मेहुणा म्हणून सूट दिली असती तर हेच लोक उद्या माझ्याकडे बोट दाखवून बोलले असते.

आता तो तळमजल्यावर भांडारात बसतो. स्क्रू, तारा, ट्यूबलाइटी देतो. काम हलकं आहे. पगारही तोच आहे. बायकोला मात्र हे पटत नाही. दोन वर्षं आमच्या घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं. शांतता असते, मला वाचायला बरं पडतं.

१४ मार्च

बायकोचं औषधांचं दुकान आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्यांवर आहे. कानस तिथे डोकेदुखीची गोळी घ्यायला गेली होती म्हणे, आणि तासभर बसली. डोकेदुखीच्या गोळीला तासभर लागत नाही.

जेवताना मी विचारलं, काय बोलणं झालं. बायको म्हणाली, “तुमची चौकशी करत होती. झोप लागते का, विचारलं.”

बघा. आता माझी झोपही मोजायची आहे हिला. उद्या अहवालात लिहील, संशोधकाची मनःस्थिती ठीक नाही. मी बायकोला बजावलं की दुकानात आलेल्या प्रत्येकाशी घरचं बोलायची गरज नाही. ती म्हणाली की ती बोललीच नाही, ती मुलगी बोलत होती. मग ताट उचलून आत गेली. “मुलगी” म्हणे. चाळिशीला आली आहे ती.

१९ मार्च

आज तिचं जाहीर व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं. दुसऱ्याचं घर पाडताना बघायला गर्दी होतेच.

तिचा मुद्दा असा. अंतर मोजायला पट्टी लागते. आमची पट्टी म्हणजे थोरियमचा दिवा. त्याच्या रेषा कुठे पडायला हव्यात ते प्रयोगशाळेत ठरलेलं आहे. आधी क्वासारचा प्रकाश फटीतून आत घ्यायचा, मग दिव्याचा, आणि दिव्यावरून क्वासार मोजायचा. ती म्हणते, दिव्याचा उजेड फट काठोकाठ भरतो, क्वासारचा मात्र मधोमध ठिपका पडतो. दोघं यंत्रात अगदी एकाच वाटेने जात नाहीत. म्हणून पट्टी एका टोकाला किंचित ताणली जाते. नेमक्या त्या टोकाला मॅग्नेशियमच्या रेषा आणि दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या. मग अंतर बदललेलं दिसणारच. त्यात विश्वाचा काही हात नाही.

मांडलं चांगलं. माझ्याकडेच शिकली आहे.

मी उभा राहिलो. विचारलं, बारा वर्षांपूर्वी तुझ्या स्वतःच्या प्रबंधात हीच पट्टी होती, तेव्हा ती ताणलेली नव्हती का? की पदवी मिळेपर्यंत सरळ होती आणि मग वाकली? हशा पिकला. तिघेजण तरी हसले.

ती म्हणाली, “तेव्हाही ताणलेलीच असणार, सर. माझा प्रबंध मी परत तपासायला घेतलाय. त्यातला मुख्य निष्कर्ष टिकेल असं वाटत नाही.”

मी म्हटलं, ज्यांचे निष्कर्ष टिकत नाहीत त्यांनी दुसऱ्यांच्या घरात झाडू मारायला येऊ नये. आणि बसलो.

नंतर चहाला माझ्या टेबलावर कुणी आलं नाही. परीक्षांचे दिवस आहेत, लोक घाईत असतात.

२२ मार्च

संचालकांशी खटका उडाला. त्यांनी मला सुचवलं की मी थोडी रजा घ्यावी. मी त्यांना सुचवलं की त्यांनी थोडं भौतिकशास्त्र घ्यावं. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. रागाने.

२६ मार्च

ती आज टकटक न करता आली. बगलेत वर्कशॉपच्या जुन्या नोंदवहीचं बाड. मेहुण्याच्या अक्षरातलं, मी लांबून ओळखलं. तो आकडे असे काढतो की छापल्यासारखे वाटतात.

तिने नोंदवही माझ्यापुढे उघडून ठेवली. यंत्रावर होता तोवर मेहुणा दर महिन्याला एकदा, यंत्राची चाचणी म्हणून, एखाद्या लघुग्रहाचा वर्णपट घेत आला होता. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. फायली संगणकाच्या साठवणीत पडून आहेत. त्या बिघाडाच्या आठवड्यातही एक घेतलेली आहे. कुणीही, कधीही, एकही उघडलेली नाही.

लघुग्रह स्वतः उजळत नाही. तो सूर्याचाच प्रकाश परत फेकतो, आणि सूर्याची प्रत्येक रेषा कुठे असते हे आपल्याला पाठ आहे. म्हणजे हे उत्तर माहीत असलेलं गणित. यंत्राला ते घालायचं आणि यंत्र काय सांगतं ते बघायचं. पट्टी सरळ असेल तर फरक शून्य यायला हवा.

मी म्हटलं, मग बघ की. तुला कोणी अडवलंय?

ती उभीच होती. म्हणाली, “मी करू शकते, सर. अजून केलेलं नाही. ते तुम्ही करावं असं मला वाटतं. शुक्रवारपर्यंत मी त्या फायलींना हात लावणार नाही.”

काय मिजास आहे. माझा खड्डा मीच खणायचा आणि हिने काठावर उभं राहून बघायचं. मी तिला दार दाखवलं. नोंदवही तिथेच ठेवून गेली.

नोंदवहीत त्या आठवड्याच्या पानावर मेहुण्याने लिहिलंय: “आरसा बदलला. भावोजींना सांगितलं. लघुग्रह तपासा म्हटलं, बघतो म्हणाले.” मला काही आठवत नाही. रोज पन्नास माणसं काहीतरी सांगत असतात.

२७ मार्च

साठवणीची किल्ली माझ्याकडे आहे. म्हणजे पासवर्ड. त्या चाचणीच्या फायली कुणाच्या खिजगणतीत नाहीत. जुन्या, निरुपयोगी म्हणून दर वर्षी अशा कितीतरी पुसल्या जातात. एक कळ दाबली की संपलं, आणि कुणी विचारलं तर नियमाकडे बोट दाखवता येईल.

हे मी लिहिलं आहे याचा अर्थ मी ते करणार नाही, एवढंच. दुपारी दोनदा ते फोल्डर उघडलं. दोनदा बंद केलं. पुसायची भीती वाटली की बघायची, खरंच सांगता येत नाही.

बायको संध्याकाळी म्हणाली, “दुपारचा डबा तसाच परत आलाय.” मी म्हटलं, चहा जास्त झाला.

२८ मार्च

आज केलं.

सकाळी दहाला बसलो. आधी तो लघुग्रह घेतला जो अठ्ठावीसांच्या दिवसांतला होता, आरसा जुन्या जागी असतानाचा. तोच प्रोग्रॅम, त्याच पायऱ्या. अकराला वीस मिनिटं असताना उत्तर आलं. दहा लाखांत सहा भाग.

तो प्रकाश यंत्रात शिरला तेव्हा सूर्यातून निघून त्याला जेमतेम पाऊण तास झालेला. पाऊण तासात निसर्गाचा स्थिरांक बदलला असं म्हणायला मी तरी धजणार नाही.

मग त्या आठवड्यातला लघुग्रह घेतला. आरसा मेहुण्याने बसवलेला, दिव्याचा उजेड क्वासारच्याच वाटेने नेणारा. शून्य.

परत केलं. वेगळ्या महिन्यांचे चार घेतले. सहा, सहा, पाच, सात. आणि परत तो: शून्य. माझ्या एकतीस क्वासारांपैकी तीनच खरं बोलत होते आणि मी त्यांनाच बाहेर काढलं होतं.

दार आतून लावून बसलो. समोरच्या खोलीत तिचा खोकला ऐकू येत होता. कोणी दार वाजवावं असं वाटत होतं आणि वाजवलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेल्या प्रकाशाकडून मी माझं म्हणणं वदवून घेतलं. पोलिसांनी संशयिताकडून घ्यावं तसं.

आरसा का बदलायचा हे मेहुण्याला कसं कळलं? तो शिकलेला नाही असं मी किती लोकांना सांगितलं असेल.

३१ मार्च

तिला सांगितलं. आकडे पुढे सरकवले. मला वाटलं होतं, चेहऱ्यावर काहीतरी उमटेल. विजय, निदान सुटका. तिने खुर्ची ओढली आणि विचारलं, उरलेले लघुग्रह दोघं मिळून करू या का. मला तेही सहन झालं नाही. माणसाने जिंकल्यावर जिंकल्यासारखं वागावं, म्हणजे हरणाऱ्याला शिव्या तरी देता येतात. मी म्हटलं, तुझा अहवाल तू लिही, माझी माघार मी लिहितो.

लिहिली. निष्कर्ष मागे घेत असल्याचं पत्र, एक पान. संचालकांनी ते वाचून माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, यालाच खरी वैज्ञानिक वृत्ती म्हणतात. पुढच्या वार्षिक अंकात यावर दोन शब्द लिहा म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही जरा बरं वाटलं. चूक कबूल करण्यात एक रुबाब असतो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, अगदी लघुग्रहापासून. ती हातातलं काम थांबवून ऐकत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी थांबल्यावर म्हणाली, “आणि त्याचं काय?”

मी विचारलं, कुणाचं?

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. माझ्या लक्षात यायला, लाज वाटते लिहायला, पण बराच वेळ लागला.

३ एप्रिल

भांडारात गेलो. या इमारतीत मी सव्वीस वर्षं आहे आणि तळमजल्याच्या त्या टोकाला कधी गेलो नव्हतो. लांबलचक काउंटर, मागे छतापर्यंत लोखंडी रॅक, प्रत्येक खणावर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी. माझ्यापुढे तीन माणसं होती. त्याने मला पाहिलं आणि तिघांचं काम सावकाश केलं. मी रांगेत उभा राहिलो.

नंबर आल्यावर त्याने मागणीपत्राचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, मला काही न्यायचं नाही, सांगायचंय. त्याने कागद परत घेतला.

सांगितलं. त्याचा आरसा बरोबर होता, माझं चुकलं, तक्रार मागे घेतो, संचालकांशी बोलतो, सोमवारपासून तो यंत्रावर परत येऊ शकतो. तो ऐकत असताना एका डब्यातले वॉशर लहान-मोठे वेगळे करत होता.

मग म्हणाला, “लघुग्रह तपासलात तुम्ही?”

“हो.”

“किती वेळ लागला?”

खोटं बोलता आलं असतं. “चाळीस मिनिटं.”

“चाळीस मिनिटं,” तो म्हणाला. वॉशरचा डबा बंद केला. “दोन वर्षं मी इथे बसलोय, भावोजी. माझी मुलं शाळेत वडील काय करतात ते सांगायचं टाळतात. आणि तुमची चाळीस मिनिटं.”

मी म्हटलं, समितीला लेखी कळवतो. तो म्हणाला, समितीशी त्याला काही देणंघेणं नाही. तक्रार वर्कशॉपमध्ये वाचली होती, हेही वर्कशॉपमध्येच वाचायचं. तेव्हा होते त्या सगळ्यांसमोर. आधी लिहून काढायचं आणि एक प्रत त्याला द्यायची. त्या तीन क्वासारांबद्दलही लिहायचं, ते का काढले ते. यंत्रावर यायचं की नाही ते तो नंतर बघेल.

मला राग आला. आरोपीसारखं उभं करणार हा मला, माझ्याच लोकांसमोर. पण मागे रांग वाढली होती आणि त्याने माझ्या खांद्यावरून पुढच्या माणसाला विचारलं, काय हवंय.

५ एप्रिल

सहा ओळी लिहायला दोन दिवस लागले. चौथी ओळ बायकोने वाचली आणि कागद परत देताना तो दोन्ही हातांनी दिला. प्रत सकाळी भांडारात देऊन आलो. त्याने घडी घालून खिशात ठेवली.

७ एप्रिल

अकरा वाजता वर्कशॉपमध्ये. वीस-बावीस माणसं असतील. कुणी बसलं नाही. काहींच्या हातात काम होतं आणि ते त्यांनी खाली ठेवलं नाही. टोकाला लेथ चालू होती. कानस दाराशी उभी होती. उद्या जाणार आहे. मेहुणा अगदी मागे, रंधा यंत्राला टेकून.

वाचायला लागलो. पहिली ओळ, दुसरी. आरसा त्याने योग्य बसवला होता. माझी तक्रार चुकीची होती आणि ती मी मागे घेतो. तिसरी झाली. मग पाचवी वाचली, सहावी वाचली, आणि कागद खाली केला. मुद्दाम केलं असं नाही. ओळी एकमेकींत मिसळत होत्या.

मागून आवाज आला. त्याने खिशातून प्रत काढली होती. “भावोजी, चौथी ओळ राहिली.”

सगळे माझ्याकडे बघत होते. कानसने मात्र खाली बघितलं. मी कागद वर केला आणि वाचली.

“ऐकू आलं नाही,” तो म्हणाला.

कुणीतरी जाऊन लेथ बंद केली. चाक फिरत फिरत थांबेपर्यंत कुणी हललं नाही. मी पुन्हा वाचलं: “ते तीन क्वासार यंत्र बिघडलं होतं म्हणून मी वगळले नाहीत. त्यांचं उत्तर मला नको होतं म्हणून वगळले.”